रोबोटच्या गुडघ्यासाठी सातारा ते नेरे

पनवेलला माणूस गाडी बदलायला उतरतो, नाहीतर फ्लॅट बघायला. मी उतरले ते गुडघा आणायला. माझे गुडघे ठणठणीत आहेत, साताऱ्याच्या चढांची कृपा. गुडघा हवा होता आमच्या कपाटात आडव्या पडलेल्या एका जपानी रोबोटला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. जपानी विज्ञानकथांमध्ये इमारतीएवढे रोबोट असतात ना, त्यांच्या वीतभर उंचीच्या प्रतिकृती खोक्यातून सुट्या सुट्या येतात. आमच्या खोक्यात साडेतीनशे तुकडे होते, प्लास्टिकच्या चौकटींना कैऱ्यांसारखे लटकलेले. या चौकटीला 'रनर' म्हणतात. छोट्या कटरने तुकडा कापायचा, उरलेला देठ घासायचा आणि तुकडा दुसऱ्यात दाबून बसवायचा. गोंद नाही, स्क्रू नाही, सगळा खेळ बोटांच्या दाबाचा.

माझा नवरा शेखर पंचवीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवायच्या विभागात होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. बोटं वाचली, पण दोन बोटांतली जाण अर्धीच परत आली. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, बारीक कामं करा. मी उत्साहाने तांदूळ निवडायला दिले, तर ताटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत बसला. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने हे खोकं पाठवलं. सात महिने तो खिडकीपाशी ते तुकडे जोडत बसला होता. शेवटी रोबोट दोन पायांवर उभा राहिला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांना चपला घालायलाही वेळ न देता खाली ओढून आणलं त्याने.

आता माझा पराक्रम ऐका. या रोबोटांच्या अंगावर बारीक खाचा असतात. त्यांत काळी पातळ शाई सोडली की रोबोट एकदम खराखुरा दिसतो, असं मी इंटरनेटवर बघितलं. शेखरच्या वाढदिवसाला तो फिरायला गेला असताना मी गुपचूप शाई लावली. दिसलाही झकास, तोही खूश झाला. आठवड्याभराने रोबोट आपोआप गुडघ्यात मोडून शेल्फवर कोसळला. शेखरने तुकडे उचलले आणि म्हणाला, "माझ्याच बोटांनी जास्त दाबलं असणार. किती जोर लावतोय ते कळतच नाही मला आता." रोबोट कपाटात गेला आणि कटर खणात.

दुसऱ्या दिवशी मी शोधाशोध केली तेव्हा कळलं, सांध्यातल्या ताणलेल्या प्लास्टिकमध्ये ती शाई शिरली की प्लास्टिक तडकतं. म्हणजे मोडला होता मी. हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत तीन महिने गेले. भूमिती शिकवते मी शाळेत, पोरांना पायरी गाळली म्हणून मार्क कापते, आणि घरात ही तऱ्हा. नवा गुडघा आणून बसवला की आपोआप सगळं मिटेल, असं मी स्वतःला पटवलं. खोकं बाजारात कुठेच मिळेना. रोबोट बनवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, तेव्हा पनवेलजवळच्या नेऱ्याहून जनार्दनकाका म्हणून एकांचं उत्तर आलं, "हाय माझ्याकडं. कुरियर करनार नाय. ज्याचा मोडला त्यानं यावं."

शेखरला सांगितलं, नवीन पनवेलला वैशालीकडे जाते, कॉलेजची मैत्रीण, खूप दिवस बोलावतेय. हेही अर्धंच खरं.

शनिवारी सकाळी सातची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाताना दोनशेच्या आतच भागलं. खंबाटकीत ऊन कोवळं होतं, स्वारगेटला वीस मिनिटं आणि एक बेचव चहा, मग एक्स्प्रेस वे. खंडाळ्याचा घाट उतरताना डिसेंबरातही डोंगर हिरवे होते. जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, गाडी पनवेल स्टँडात जाते की बाहेरूनच निघून जाते, हे चढतानाच विचारा. मी विचारलं नव्हतं.

"ताई, ही कळंबोलीला सोडते," कंडक्टर म्हणाला. "स्टँडात न्यायची असती तर पाटीवर लिहिलं नसतं का?"

पाटी मी वाचलीच नव्हती. कळंबोलीला पुलाखाली उतरले आणि पुढे रिक्षा केली.

नवीन पनवेलचे सेक्टर बाहेरच्या माणसाची परीक्षा बघतात. बिल्डिंगा सारख्या, झाडं सारखी, मेडिकलची दुकानंही सारखीच. दोनदा चुकीच्या जिन्याने वर गेल्यावर वैशाली सापडली. तिने वालाचं बिरडं केलं होतं, माझ्यासाठी सोलून वगैरे. जेवता जेवता पिशवीतून गुडघ्याचा तुकडा काढून मी सगळी हकिगत सांगितली. वैशाली तुकड्याकडे बघत राहिली. चण्याच्या डाळीपेक्षा थोडासाच मोठा.

"एवढ्यासाठी दोनशे किलोमीटर?"

"तो माणूस म्हणतो, ज्याचा मोडला त्याने यावं."

"मग शेखरभाऊ का नाही आले?"

"त्याला माहीत नाही, अगं."

"तेच म्हणतेय मी," वैशाली म्हणाली आणि वाटीत आणखी बिरडं घातलं. मी विषय बदलला.

रविवारी सकाळी नऊला नेऱ्याकडे निघाले. शेअर रिक्षा मिळतात. चौघं बसेपर्यंत हलत नाहीत, पण पंधरा-वीस मिनिटांत भरतात. सुकापूरपर्यंत बिल्डिंगा साथ सोडत नाहीत. तिथून पुढे रस्ता एकदम मोकळा होतो, फार्महाऊसची फाटकं, लग्नाची लॉनं, मधूनच वालाची शेतं आणि समोर माथेरानचा डोंगर. शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "कुनाकडं?" मी नाव सांगितलं.

"रोबोटवाला? आमी त्याला राक्षसवाला म्हनतो," मावशी हसल्या आणि ड्रायव्हरला ओरडल्या, "ए, हिला राक्षसांकडं सोड रे!"

जनार्दनकाका साठीचे, बनियन-लुंगीत, कपाळावर भिंग लावलेला पट्टा. पूर्वी उरणच्या बंदरात ट्रेलर चालवायचे. तिथे एका खलाशाने त्यांना पहिलं खोकं दिलं आणि ते कायमचे नादाला लागले. घरामागे पत्र्याची मोठी शेड आहे, भाताची पोती ठेवायला बांधलेली. पोती आता एका कोपऱ्यात, बाकी सगळीकडे फळ्यांवर रोबोट. दोनशे तरी असतील. काही लढायच्या पवित्र्यात, एक गुडघे टेकून, एकाच्या खांद्यावर वाळलेल्या झेंडूची माळ. दसऱ्याला कटर-कानशीसोबत त्यांचीही पूजा होते म्हणे. मला हसू आलं, आणि लगेच वाटलं, शेखर इथे असायला हवा होता. टूलरूममध्ये खंडेनवमीला मशीनला हार घालायचा मान त्याचा असायचा.

काकांनी फळीवरून एक बंद खोकं काढलं. आमच्यासारखंच, कोपरेसुद्धा न दबलेलं. पण उघडलं नाही. आधी एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत लहान लहान पुड्या, प्रत्येकीत एक मोडका तुकडा आणि एक चिठ्ठी.

"हितं तुकड्याला तुकडा, असा आमचा नियम," काका म्हणाले. "नवा न्यायचा, मोडका ठेवायचा. आनि कसा मोडला ते लिवायचं, नावानिशी. दुसरा कोन येईल तो वाचंल, मंग तशी चूक करनार नाय."

मी काही चिठ्ठ्या वाचल्या. 'मांजरीने पाडला. मांजर दोषी नाही, मी खिडकी उघडी ठेवली.' 'उलटा बसवला, मग चिमट्याने ओढला.' एक काकांचीच होती, 'राग आलेला. जनार्दन.'

मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'कपाटातून पडला. माधुरी, सातारा.'

काकांनी चिठ्ठी वाचली. भिंग डोळ्यांवर ओढून आमचा तुकडा उजेडात धरला, बराच वेळ फिरवून बघितला. मग चिठ्ठी परत माझ्यापुढे ठेवली.

"पडून मोडला तर पिलास्टिक पांढरं पडतं, बाय. ह्यो आतनं काला हाय. शाई आधी गेलीय, तडा मागनं."

माझे कान तापले. चाळीस पोरांसमोर उभी राहणारी बाई मी, आणि तिथे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पेनाचं टोपण लावत-काढत होते. दारात काकी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उभ्या होत्या.

"लिव ना खरं," त्या म्हणाल्या. "हितं सगल्यांनीच कायतरी मोडलंय."

मग मी सगळं बोलून टाकलं. शेखरचा हात, वाढदिवस, शाई, तीन महिने. बोलता बोलता रडले. काकींनी पदराने पीठ पुसून पाणी आणून दिलं. दुसरी चिठ्ठी लिहिली, 'नवऱ्याला न विचारता सांध्याला शाई लावली. तडा माझ्यामुळे गेला, त्याच्या हातामुळे नाही. माधुरी.' काकांनी ती पुडीत घातली, डबा बंद केला आणि नव्या खोक्याचं प्लास्टिक नखाने फाडलं.

मला वाटलं एकच गुडघा देतील. त्यांनी रनरचा अख्खा तुकडाच कापला, त्यावर दोन्ही.

"दुसरा पन जानार तुमचा. शाई दोनी पायांना लावली ना? मंग. आनि मी सुटा करून देत नाय. देठ त्याला कापू दे."

"पण काका, तुमचा रोबोट? त्याला गुडघेच राहिले नाहीत."

"बसवून ठेवीन त्याला," काका म्हणाले. "सगल्यांनीच कशाला उभं रावाला पायजे?"

काकींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर कच्चा कांदा. मी शक्यतो वासाचं काही खात नाही अशी माझी ख्याती आहे, पण त्या दिवशी भाकरी तीन झाल्या. परतीच्या गाडीत रनरचा तो तुकडा पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवला होता आणि दर टोलनाक्याला तो आहे ना ते चाचपत होते. या वेळी पाटी वाचून चढले होते.

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, डोंगर स्वच्छ दिसतो. काकांचा पत्ता मी इथे देणार नाही, ग्रुपवर विचारून, त्यांची परवानगी घेऊन जा. मोडका तुकडा सोबत न्या, आणि तो कसा मोडला ते आधीच ठरवून जाऊ नका. साताऱ्याहून सगळा खर्च हजाराच्या आत होतो, मैत्रिणीकडे राहिलात तर. प्रवासवर्णन म्हणून सांगण्यासारखं एवढंच. खरा प्रवास घरी आल्यावर झाला, तोही खाटेपासून खिडकीपर्यंतचा.

रविवारी रात्री मी गप्प राहिले, थकलेय म्हणाले. सोमवारी सकाळी खिडकीत ऊन आलं तेव्हा रुमाल शेखरपुढे उघडला आणि सांगितलं. वैशालीकडून सुरुवात केली, मग मागे शाईपर्यंत गेले. त्याने मान वर केली नाही. सगळं ऐकून उठला, कपाटातून रोबोट काढला, शाबूत असलेला दुसरा गुडघा उकलला आणि भिंगाखाली धरला. तिथेही केसाएवढी रेघ होती, आतून काळी. काका बोलले होते तसंच.

त्या रेघेवरून त्याने नख फिरवलं. शाळेची वेळ होत आली होती आणि मला जागचं हलवत नव्हतं.

"तीन महिने, माधुरी," तो म्हणाला.

"हो."

"तीन महिने मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतोय. फुटेल म्हणून. तुझ्या लक्षात आलं नव्हतं?"

लक्षात आलं होतं. बशी नको म्हणतो, गरम कप दोन्ही हातांनी धरायला आवडत असेल, थंडी आहे, असं मी समजून घेतलं होतं, सोयीचं होतं म्हणून. मी त्याची माफी मागितली. तो "हं" म्हणाला. माफ केलं की नाही ते मला अजून ठाऊक नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

मग त्याने खण ओढला आणि कटर काढलं. एक क्षण ते डाव्या हातात होतं, मग उजव्यात घेतलं. देठ कापला, घासला, तुकडा खाचेवर टेकवला आणि अंगठ्याने दाबला. टक्.

"बसला," तो म्हणाला. मग तो बाहेर काढला आणि पुन्हा बसवला. काहीच गरज नव्हती. पुन्हा काढला, पुन्हा बसवला.