इंदूताईंचा ओढा

इंदूताईंच्या दिरांचा, गणपतभाऊंचा फोन आला तेव्हा मी भिसेगावच्या घरी शाळेचा डबा भरत होते. "बाई, वहिनी गेली. झोपेतच..." एवढंच ते बोलले. त्याला आता तीन आठवडे झाले. पण इंदूताईंची आठवण काढायला बसलं की डोळे भरायच्या आधी मला हसूच येतं.

खालापूरच्या एका कचेरीत उभा जन्म कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या आणि अभयारण्याला लागून असलेल्या सासरच्या गावी येऊन राहिल्या. मी विज्ञान शिकवते. आम्ही काही जण दर महिन्याला तिथल्या ओढ्याची पाहणी करायचो. काठावर आखलेल्या चौकटींतली करंज-उंबराची रोपं मोजायची, पाण्यातले दगड उलटून त्याखालचे किडे पांढऱ्या ताटात घ्यायचे, नोंद करून परत सोडायचे. तऱ्हेतऱ्हेचे किडे भरपूर मिळाले, की समजायचं ओढ्याची तब्येत ठीक आहे. इंदूताई पहिल्यांदा आल्या त्या नुसत्या बघायला. ताटात चतुराची अळी सरपटताना दिसली आणि साडी खोचून त्या थेट गुडघाभर पाण्यात उतरल्या. "सगळी वर्षं मेलेले कागद हाताळले गं बाई," म्हणाल्या, "ह्ये तर चालतंय." त्यानंतर त्यांनी एकही पाहणी चुकवली नाही.

एका हिवाळ्यात ओढ्यातल्या डोहाच्या खालच्या अंगाचे सगळे दगड रिकामे निघाले. खेकडे उताणे पडले होते... कोणीतरी मासे धरायला ब्लीचिंग पावडर टाकली होती. खालच्या वाडीतली गुरं तेच पाणी पीत. आम्ही तक्रार लिहायला घेतली. घरी गेल्यावर न्हाणीमागे इंदूताईंना पावडरचं रिकामं पोतं सापडलं. पावडर टाकणारे त्याच घरात राहणारे त्यांचे सख्खे दीर, गणपतभाऊच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुण्याच्या घाटावर गाव गोळा केलं आणि दोन ताटं मांडली. डोहाच्या वरच्या पाण्याचं ताट वळवळत होतं, खालच्यात नुसतं पाणी. "हे आमच्याच घरातून झालंय," त्या म्हणाल्या. "ते मासे मीबी खाल्ले. पन आता पुन्हा नाय."

गणपतभाऊ मान खाली घालून निघून गेले आणि महिनाभर वहिनीशी बोलले नाहीत. पुढच्या पाहणीला मात्र न बोलावता आले आणि मुकाट्याने दगड उलटू लागले. तेव्हापासून येतच राहिले. पावसाळा सरल्यावर डोहाखाली पहिली अळी त्यांनाच दिसली. "वहिनी, हाय गं, चालतंय," असं ते म्हणाले. ते बघायला इंदूताई घाईने वळल्या, घसरल्या आणि पाण्यात फतकल मारून बसल्या. दोघं इतके हसले की आमचं सगळं काम खोळंबलं.

परवा इंदूताईंशिवायची पहिली पाहणी झाली. नोंदवही त्यांच्याच हाताची. शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात कचेरीतलं वळणदार अक्षर: 'बेडूक रजेवर.' 'चतुर दोन, हजर.' 'उंबराचं रोप शेळीने खाल्लं, जागा रिक्त.' मी वाचत गेले आणि ओढ्यात उभे असलेले सगळे हसत सुटले. तेवढ्यात गणपतभाऊंनी एक दगड अलगद उचलला, खाली पाहिलं आणि होता तसा ठेवून दिला. हात पुसून त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि वहिनीच्या अक्षराखाली सावकाश लिहिलं: 'खेकडीण, पिल्लांसकट हजर.'