कुंकू न लावलेलं मशीन

व्यंकण्णा भावजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांनीच दुरुस्त करून दिलेल्या हातमशीनवर उशीचे अभ्रे शिवत बसले होते. फोन समोरच्या घरी आला आणि तिथल्या मामींनी फाटकातूनच हाक मारून सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही, पण ते मागाहून. पहिला विचार आला तो असा की, आता माझ्या आईचं मशीन कुठं गेलं ते मला कोण सांगणार? माणूस गेला आणि ही बाई मशीनचं काय घेऊन बसली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. भावजींचं नि माझं जे काही होतं ते त्या एका मशीनभोवतीच होतं.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन तंजावरात आले ती या लोकांची मराठी ऐकून आधी हसले आणि मग घाबरले. आपलीच भाषा, पण जुनी आणि तमिळ चालीवर म्हटलेली. भावजी हे माझ्या यजमानांचे थोरले चुलतभाऊ, वीज खात्यात कारकून. उंच, किडकिडीत, आणि बोलायला एवढे कंजूस की ‘शरी शरी’, म्हणजे बरं बरं, म्हणून मान हलवली की संभाषण संपलं. जास्त बोलणाऱ्या माणसाचा मला संशय येत नाही, न बोलणाऱ्याचा येतो. माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याचा तराजू, दूधवाल्याचं माप, नवऱ्याचं ‘येतोच’... कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. त्यामुळे दर रविवारी हा गृहस्थ बस पकडून कधी पापनाशमला, कधी ओरत्तनाडूला जातो आणि संध्याकाळी खांद्यावर जड पोतं घेऊन परततो, हे कळल्यावर माझे कान टवकारले.

पोत्यात जुनी शिलाई मशीनं असत. ती वर्षंच तशी होती. टीव्हीवर नवनव्या वाहिन्या येत होत्या, दुकानांच्या दारात तयार नाइट्या नि चुडीदार लटकू लागले होते, आणि घरोघरच्या आयाआज्यांची मशीनं अडगळीत जात होती. भावजी ती शोधून आणत. घासलेटमध्ये भिजत घालत, गंज काढत, शटल नि दातपट्टी घासत, काळा रंग चढवत. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी झिजलेली असली तर तंजावरी चित्रं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून वर्खाचे उरलेसुरले तुकडे आणून बारीक कुंचल्यानं ती भरत. समोरची खोली मशीनांनी भरून गेली होती. रुक्माक्का, म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ, म्हणायची, “अस्क घर मशीनांचं, आम्ही पाहुणे.” अस्क म्हणजे सगळं.

एक गोष्ट मात्र ते कधी करत नसत. इकडे आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, घरातल्या हत्यारांबरोबर मशीनलाही गंध लावतात. दरवर्षी त्याच जागी चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. तेलात मुरून त्याचा डाग रंगात कायमचा बसतो. रंग देताना भावजी तेवढ्या जागेवर कागद चिकटवत. झगमगीत नव्या अंगावर तो एक मळका ठिपका तसाच राही. मी एकदा म्हटलं, हे तेवढं वाईट दिसतंय. तर म्हणाले, “तें त्या बाईचं आहे. माझं नव्हे.”

माझ्या आईचं हातमशीन माझ्याबरोबर साताऱ्याहून आलं होतं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी. आमच्याकडे चंदन नाही, एक बोट हळदीचं नि शेजारी एक बोट कुंकवाचं. मशीनच्या उभ्या खांबावर आईची ती दोन बोटं वर्षानुवर्षांच्या थरांनी अशी उमटली होती की अंधारात चाचपून कळावीत. तिचं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. शटल अडकायला लागलं म्हणून मी ते भावजींकडे दिलं, आणि देतानाच मनात पाल चुकचुकली.

एका आठवड्याचं काम महिन्यांवर गेलं. विचारलं की, “होईल गे, होईल.” त्याच सुमारास त्यांच्या दारात मद्रासची मॅटडोर गाडी उभी राहिलेली मी बघितली. नव्या हॉटेलांत स्वागताच्या टेबलावर शोभेला जुनी मशीनं मांडायची टूम निघाली होती आणि एक दलाल गावोगाव फिरत होता. भावजी त्याला काही देत नाहीत असं घरचे सांगत. मला ते पटलं नाही. मी घरी येऊन यजमानांना म्हटलं, आईचं मशीन गेलं बघा हॉटेलात. ते म्हणाले, “कां गे उगाच? अण्णा तसं करतील का?” भाऊ तो भाऊच, तो काय दुसरं बोलणार!

शेवटी एका सकाळी भावजी स्वतः मशीन घेऊन आले. काळंभोर, वेलबुट्टी चमकतेय, चाक फिरवलं तर लोण्यासारखं. मी आधी खांब पाहिला. कोरा होता.

“भावजी, हळदकुंकवाची बोटं कुठं गेली?”

“खालीं गंज होता. काढावा लागला.”

“गंज काय माझ्याच मशीनला होता? सगळ्यांच्या खुणा ठेवता, माझीच बरी पुसली?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “तुझंच आहे. मूठ बघ,” म्हणाले.

मूठ आईचीच होती. लाकडात तिच्या तळव्याचा खळगा होता, त्यात माझा अंगठा बरोबर बसला. पण आवाज वेगळा. आईचं मशीन जरा कुरकुरत चालायचं, हे गुणगुणायचं. त्याच क्षणी मी ओळखलं, मूठ काढून दुसऱ्या अंगाला बसवलीय. हा मनुष्य आपल्या तोंडावर खोटं बोलतोय!

मशीन मी वापरलं. शिवणार कशावर? पण खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावलं नाही. कात्री, विळी, गॅसची शेगडी, यजमानांची स्कूटर, सगळ्यांना लावलं आणि मशीन वगळलं. कबूल करा, मग लावते, असा माझा हट्ट. भावजी त्या दिवशी सकाळी येत. डबऱ्यातली, म्हणजे इकडच्या पसरट पितळी वाटीतली, कॉफी पीत, जाताना मशीनपाशी थोडं वाकत, कोऱ्या खांबाकडे बघत आणि चपला घालून चालू पडत. दरवर्षी हेच. मला वाटे, आपला बनाव अजून टिकलाय का ते बघायला येतात. मधूनमधून न मागता तेलाची बाटली आणून देत, सुया आणत. त्यानं माझा संशय आणखीच वाढे. एवढं कोण कुणासाठी उगाच करतं?

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी मी रुक्माक्काकडे गेले. मनात म्हटलं, आज विचारायचंच. पण तिनंच मला मागच्या खोलीत नेलं आणि कोपऱ्यातलं जुनं धोतर बाजूला केलं. खाली आईचं मशीन होतं. मूठ नव्हती. बिडाचं अंग तळापासून खांबापर्यंत तडकलेलं. खालच्या बाजूनं पितळ ओतून तडा सांधत आणला होता, तिथला रंग आचेनं जळून गेला होता. सांधा खांबावर अर्ध्यात थांबला होता आणि त्याच्या वर, तड्याच्या दोन्ही अंगांना, आईची दोन बोटं. एक हळदीचं, एक कुंकवाचं.

“तिन्नईवरून पडलं,” अक्का म्हणाली. तिन्नई म्हणजे दारापुढचा ओटा. “त्यांच्याच हातांतून. बीड तें, सांधत नाही लवकर. वर आंच दिली तर कुंकू जळतंय म्हणून तिथं ठेविलं. काढायचे, बघायचे, झांकून ठेवायचे.”

“मग माझ्याकडे आहे ते कुणाचं?”

“आमच्या सासूबाईंचं.”

सगळ्या तालुक्यातल्या बायांच्या खुणा जपणाऱ्या माणसानं स्वतःच्या आईचं चंदन घासून काढलं होतं... मला कळू नये म्हणून.

अक्का पुढे म्हणाली, “मी म्हटलं त्यांना, हळदकुंकवाची दोन बोटं लावून द्यावीं, तिला काय कळतंय? तें माझ्यानं होत नाही म्हणाले. तिच्या आईचं बोट मी कसं उमटवूं?” मग धोतराची घडी घालत म्हणाली, “ते सांगणार होते गे तुला. एकदां तिनं कुंकू लाविलं, आपलं म्हटलं, की सांगतों म्हणायचे. दर नवमीला येऊन म्हणायचे, अजून नाही लाविलं.”

मी चिडले. गेलेल्या माणसावर चिडू नये, पण मी तिथंच, त्या खोलीत, चिडले आणि रडले. अहो, हातातून पडलं म्हणून सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला? मी तुमच्या कबुलीसाठी अडून बसले, तुम्ही माझ्या कुंकवासाठी. माझा संशय खरा होता, भावजी, तो मी मागे घेत नाही. मशीन बदललंत ते बदललंतच. फक्त कशाशी बदललंत हे माझ्या संशयाला कधी सुचलं नाही.

आईचं मशीन मी ऑटोत मांडीवर धरून घरी आणलं. ते आता खिडकीत आहे. सांधा पुरा करायला मी कुणाकडे देणार नाही.

यंदा भाऊबंदांत सण करायचा नव्हता. खंडेनवमीला कात्री-विळी तशीच राहिली, स्कूटरला झेंडू नाही. मी फक्त अंघोळ करून मशीनपाशी गेले, कोऱ्या खांबावर चंदनाचा एक ठिपका दिला, त्यावर कुंकू, त्यांच्या आईच्या रीतीनं. मग शेजारी आमच्या रीतीची दोन बोटं उमटवली. दार उघडंच ठेवलं होतं. कॉफी झाली होती. यजमान पेपर घेऊन बसले होते, त्यांनी मान वर केली, कारण मी मोठ्यानं बोलले...

“लावलं, भावजी. आता सांगा.”