कच्चा शब्द

एटापल्लीच्या ऑनलाइन सेंटरवाल्या बाईचा पाय टेबलाखाली सदा हालत राह्यते. मले ते आवडत नाई, तरी कामाले मी तिच्याकडंच जातो.

रस्त्यासाठी आमच्या गावाबाहेरचे मोहाचे झाडं तोडणार आहेत. सरकारच्या साइटवर हरकत टाकायचा तो शेवटचा दिवस होता. मी सांगत होतो, ती मराठीत टाइप करत होती. शब्दाखाली रेघ दिसली का ती हात उचलून म्हणे, "थांबा भाऊ, रेघ हाये तोवर शब्द कच्चा हाये. आत्ता पाठवायचं बटन दाबलं तर साइट सारं गिळते." पण एकदा तिचंच बोट घाईनं त्या बटनावर पडलं आणि लिहिलेलं सारं पुसलं गेलं.

"इंग्रजीत टाकू का? त्यात असं होत नाई."

"माहे झाडं, माही बोली," मी म्हटलं. "शिकलो नाई म्हणून काय झालं?"

पाय आणखी जोरात हालू लागला. पण पुसलेलं तिनं मले पुन्हा विचारलं नाई. माहं बोलणं तिच्या ध्यानात होतं. एकेक शब्द पिकू देत तिनं हरकत पाठवली.

मी उठलो. तिनं मात्र तेच पान पुन्हा उघडलं आणि सोताचं नाव टाकलं.

"तू काऊन?"

"माह्या मायचा मोह बी त्याच रस्त्यात येते, भाऊ."

मी टेबलाखाली पाह्यलं. पाय हालतच होता. तिची हरकत जाईपर्यंत मी परत बसलो.