घड्याळजींचं एकुलतं एक मत

घड्याळजी निवडून आले ते कुणाच्या ध्यानीमनी नसताना. गावातली दोन बडी धेंडं एकमेकांच्या उरावर बसली होती आणि लोकांनी वैतागून तिसऱ्यालाच मतं टाकली. तिसरा म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर डोळ्याला भिंग लावून बसणारा हा गरीब माणूस. गावातलं प्रत्येक घड्याळ त्यांनी कधी ना कधी उघडलं होतं आणि कुणाच्याही गळ्यात उगाच नवा पट्टा मारला नव्हता. एवढंच त्यांचं भांडवल. दुकान बायकोनं सांभाळलं आणि घड्याळजी राजधानीतल्या सभागृहात मागच्या बाकावर जाऊन बसले. विरोधी पक्षाचा बाक, भिंतीला लागून, आणि वर नेमकं मागे पडणारं घड्याळ. नशीब बघा.

चार वर्षं सुखात गेली. मग एका सकाळी वर्तमानपत्रात तक्ता आला: कोणत्या सभासदानं किती भाषणं केली, किती प्रश्न विचारले, किती वेळा मत दिलं. घड्याळजींच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. अक्षरं बारीक होती, म्हणून त्यांनी जावयाचंच जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि वाचायला घेतलं.

"जावईबापू, भाषणं शून्य. ते एक मी समजू शकते, घरात तरी तुम्ही कुठं बोलता? पण प्रश्न एक लिहिलाय. तो कोणता?"

"सभागृहातलं घड्याळ मागे का पडतं, असा."

"मग? मिळालं उत्तर?"

"मीच दुरुस्त केलं."

"आणि मतं शून्य? एकही नाही? तुम्ही तिथं जाऊन करता तरी काय?"

"चहा पितात, आई," बायको आतून म्हणाली.

घड्याळजी उठून दुकानाकडे निघाले. ते सांगणार नाहीत, म्हणून मलाच सांगितलं पाहिजे.

त्या सभागृहात मत द्यायचं म्हणजे चालत जावं लागे. घंटा वाजली की होकारवाल्यांनी उजव्या दारानं जायचं, नकारवाल्यांनी डाव्या. डावं दार सपाट, पण उजव्या दाराला उंच दगडी पायऱ्या. आणि तिथं जोडीची एक जुनी पद्धत होती. सरकारी बाजूच्या एखाद्याला मताला येणं जमणार नसेल, तर विरोधातला एखादा त्याच्याशी जोडी लावायचा. तू नाहीस, तर मीही मत देणार नाही, फिटंफाट. सही नाही, शिक्का नाही, नुसता शब्द.

सरकारी बाजूला एक गुरांचे डॉक्टर होते. उभा जन्म गोठ्यांत वाकून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. पहिल्याच वर्षी त्या पायऱ्यांवर ते मध्येच अडकलेले घड्याळजींनी पाहिले, एक हात भिंतीला आणि चेहरा पांढराफटक. "माझ्याशी जोडी लावा, डॉक्टर," ते म्हणाले. तेव्हापासून घंटा वाजली की दोघं उपाहारगृहात बुद्धिबळाचा पट मांडायचे. आता खोटं कशाला बोला, घड्याळजींना ते आवडायचंही. भाषणं ऐकण्यापेक्षा घोडा अडीच घरं चालवणं केव्हाही बरं.

पण त्या तक्त्यापाठोपाठ दुसरी बातमी आली. छोट्या गावांतल्या दवाखान्यांचे बाळंतपणाचे विभाग बंद करायचे, सगळ्यांनी शहरात जायचं, असा सरकारचा कायदा मताला येणार होता. यादीत घड्याळजींच्या गावचा दवाखाना होता. आणि घड्याळजींची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाजारातल्या बायका दुकानात आल्या आणि काउंटरला वेढा घालून उभ्या राहिल्या.

"यंदा तरी मत देणार ना?"

"देणार," घड्याळजी म्हणाले. "शब्द."

शब्द देऊन बसले, आणि राजधानीत पोचतात तो कळलं की डॉक्टरांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, ते इस्पितळात आहेत. म्हणजे जोडी चालू. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यांच्या पक्षात मतं गोळा करणारा प्रतोद होता. तो चिडलाच. "अहो, मोडा ती जोडी. कुठं कागद आहे?"

"कागद नाही, म्हणून तर मोडता येत नाही," घड्याळजी म्हणाले.

ते इस्पितळात गेले खरे, पण जोडीतून सोडा असं म्हणायला जीभ रेटेना. पाय पलंगावर बांधून पडलेल्या माणसाकडे मागायचं तरी काय? त्यांनी कॉटवर पट मांडला, आणि दोन चालींत वजीर घालवला.

"घड्याळजी, तुमचं लक्ष कुठं आहे?" डॉक्टर म्हणाले. "मुलगी बरी आहे ना? कितवा महिना?"

"नववा."

डॉक्टरांनी एक प्यादं चिमटीत धरलं. "अडलेली गाय गाडीत घालून शहरात न्यायला निघालेले लोक मी पाहिलेत," ते म्हणाले. "पोचतात. गाय पोचत नाही." मग त्यांनी ते प्यादं पुढं सरकवलं. "तुमची चाल."

मताच्या दिवशी घड्याळजी उपाहारगृहात एकटेच बसले होते. बायकोला काय सांगावं, मुलीकडे कसं बघावं, काही सुचत नव्हतं. घंटा वाजली. तेवढ्यात दारातून चाकांची खुर्ची आली. खुर्चीत डॉक्टर होते, पाय लाकडाच्या फळीसारखा पुढे.

"आज मी मताला हजर आहे," ते म्हणाले. "म्हणजे जोडी सुटली. उठा की, चहा काय पिताय?"

घड्याळजी उठले. डाव्या दारापर्यंत ते चालत गेले की पळत, ते त्यांनाही आठवत नाही.

सरकारी प्रतोदाला तर आनंदाचं भरतं आलं. एक-एक मत तोलून बसला होता बिचारा, आणि हे आयतं मत चाकांवरून चालत आलेलं. त्यानं खुर्ची उजव्या दाराशी नेली, आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. पायऱ्या.

"उचला," प्रतोदानं चार धडधाकट सभासदांना हाक मारली.

"हात लावाल तर खबरदार," डॉक्टर गरजले. "गुडघा हलला तर पुन्हा कापायचा आहे. कोण घेतो जबाबदारी? नाव सांगा, लिहून ठेवतो."

सभागृहात जबाबदारी घ्यायला कोण पुढे येतं? चौघं मागं सरकले. प्रतोदानं हात जोडले, डोकं धरलं, पण डॉक्टर गुडघा कुरवाळत कण्हत राहिले. घंटा थांबली, दारं बंद झाली. कायदा एका मतानं पडला.

मुलगी गावच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. डॉक्टरांना मात्र पुढच्या निवडणुकीत उभं करायचं नाही, असं त्यांच्या पक्षानं ठरवून टाकलं.

वर्षअखेरीला पुन्हा तक्ता आला. सासूबाईंनी भिंग लावलं. "मतं एक," त्या म्हणाल्या. "शून्यापेक्षा बरं." मग बोट तळाच्या टिपेवर गेलं. "आणि हा कोण मेला आळशी? दवाखान्याच्या मताला हजर होता म्हणे, पण मत दिलंच नाही. दारात जाऊन परत फिरला."

घड्याळजींच्या मांडीवर नात होती. सासूबाईंना त्यांनी जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं.

"त्यांना काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "ही पोर धडपणे या घरात आली ती त्यांच्यामुळे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, पायऱ्यांपासून. चार वर्षांत केलं नाही एवढं लांब भाषण. बायको आतून येऊन दारात उभी राहिली होती.

सासूबाईंनी भिंग उतरवून काचेवरची धूळ पुसली.

"त्यांचा गुडघा कसा आहे आता?" त्यांनी विचारलं.