उताराकडे तोंड

आमच्या सोसायटीतले सावंत आपली लाल, बुटकी, वेगवान गाडी रोज फाटकाजवळच्या उतारावर लावतात. त्यांची हक्काची जागा सपाट आहे, सावलीत आहे आणि कायम रिकामी आहे. गाडीचं तोंड मात्र उताराकडे.

विषय काढला की सावंत खुलतात. "अहो, घाटातल्या वळणावर कशी रस्ता धरून जाते! जरा पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. आणि पाच वर्षांत एकदाही दगा नाही." पहिली दोन वाक्यं ते माझ्याकडे बघून म्हणतात. तिसरं बॉनेटकडे बघून.

मला तिथेच शंका येते. ज्याचा स्टार्टरवर विश्वास आहे, तो माणूस सावली सोडून गाडी उन्हात, उतारावर कशाला लावेल? द्वाड पोराची आई म्हणतेच ना, "आमचा बाळ कुणाच्या अध्यात ना मध्यात." तिला खोटारडी म्हणवत नाही आणि तिचं खरंही वाटत नाही. वेगाने एकदा भुरळ घातली की त्याच्या वतीने माणूस कुठलीही साक्ष द्यायला तयार होतो.

काल सकाळी उतारही कामाला आला नाही. गाडी घरंगळत खाली गेली आणि गप्प उभी राहिली. सावंत माझ्याकडे आले, हळूच म्हणाले, "ओढायला दोर आहे का हो?"

"आहे ना, डिकीतच असतो नेहमी."

सावंत माझ्या गाडीकडे बघत राहिले. तीही तसलीच, फक्त निळी. तिनेही, मी सगळ्यांना सांगतो, कधीच दगा दिलेला नाही.