पंचावन्न किलोच्या आत

श्री. गजेंद्र बबनराव झाडे, वय सेहेचाळीस, मुक्काम हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. माजी व्यावसायिक कबड्डीपटू. सदर इसम मागील काही वर्षांपासून परिसरातील वाममार्गाला लागू शकणाऱ्या युवकांना विनामोबदला प्रशिक्षण देत असून त्यायोगे सदर युवक अवैध व्यवसायापासून परावृत्त झाल्याचे दिसून येते. सबब जिल्हा पुरस्कारासाठी शिफारस करण्यात येत आहे.

ही ग्रामपंचायतीची भाषा. फेब्रुवारीत लिहिली तेव्हा तिच्यात खोटं काही नव्हतं.

अवैध व्यवसाय म्हणजे दारू. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे दारू दुकानात मिळत नाही, घरपोच मिळते. पोचवायला पंधरा-सोळा वर्षांची पोरं बरी पडतात. धावतात चांगली, आणि सापडली तर कायदा त्यांच्याकडे ममतेने पाहतो. हिंगणीत या धंद्याचे मालक बंडूजी. माणूस मृदू, गावात कोणाशी भांडण नाही.

गजेंद्र बरीच वर्षं कंपनीच्या संघातून खेळला, दोन हंगाम टीव्हीवर दिसला, मग गुडघा गेला आणि तो गावी आला. बंडूजींची पोरं त्याने एकेक करून मैदानावर ओढली. त्यांत शोभाबाईचा थोरला, अश्वजित. पोरगं वाळल्या काडीसारखं, पण चढाईला गेलं की हाताला लागायचं नाही.

"पाठीवर माल घेऊन अंधारात पळे हा," गजेंद्र सांगायचा. "सात जण याले काय पकडतीन?"

सराव झाला की गजेंद्रची बायको ज्योत्स्ना अश्वजितला जेवू घालायची. वर्षभरात काडीला मांस चढलं. शोभाबाईला बरं वाटलं. गजेंद्रलाही वाटलं, पण मग मे महिन्यात एका निवासी प्रबोधिनीची निवड चाचणी वर्ध्याला लागली. किशोर गट, वजन पंचावन्न किलोच्या आत. निवड झाली की वसतिगृह, शाळा, जेवण, आणि बंडूजी साठ-सत्तर किलोमीटर लांब. पुढल्या वर्षी अश्वजितचं वय बसणार नव्हतं.

वजन करायला गावात एकच काटा, हिरालाल शेठच्या दुकानातला, गुरांच्या ढेपेची पोती मोजायचा. अश्वजित त्यावर उभा राहिला. साडेछप्पन्न.

"कमी करू," गजेंद्र म्हणाला. कबड्डीत हे सगळेच करतात. त्यानेही केलं होतं. पोळी बंद, मीठ बंद, शेवटी पाणीही बंद. दोन स्वेटर, वर रेनकोट, आणि भर दुपारी धरणाच्या रस्त्यावर धावायचं. ज्योत्स्ना म्हणाली, "लेकराचे ओठ फाटले, पाहून राह्यले का तुमी?" गजेंद्र म्हणाला, "चार दिवसाचं काम हाय." रोज संध्याकाळी हिरालालच्या काट्यावर थोडं थोडं उतरत गेलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी काटा बरोबर पंचावन्नवर आला.

वर्ध्याच्या काट्यावर तो साडेत्रेपन्न भरला.

वजन घेणारे म्हणाले, "याले जेवू घालता का नाई? दीड किलोची जागा हाय अजून."

गजेंद्र काट्याकडे पाहत राहिला. हिरालालचा काटा जास्त दाखवतो, ढेपेच्या पोत्यामागे किलो-दीड किलो कमी येतं, हे हिंगणीत शेंबडं पोरही सांगतं. त्यावर लग्नाच्या पंगतीत विनोद होतात. गजेंद्रने स्वतः केले होते. पण ते ढेपेचं होतं.

अश्वजित हसला. "दादा, शेठनं मलेबी ठगवलं. ढेप समजला वाटते."

तो पाणी प्यायला, त्याने दोन केळी खाल्ली. तेवढ्यात नाव पुकारलं. पहिल्या चढाईत त्याने दोघांना बाद केलं. दुसऱ्या चढाईत मध्यरेषेवर खाली बसला. गजेंद्र बाहेरून ओरडला, "ऊठ ना बे, दम काऊन सोडला?" तो उठला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, ऊन आत गेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वारला.

गावाने गजेंद्रला दोष दिला नाही. नशीब म्हणाले, ऊन म्हणाले. हिरालालने नवा काटा आणला. तो बरोबर आहे म्हणतात.

पावसाळा संपल्यावर गजेंद्र शोभाबाईकडे गेला. धाकटा निकेश चौदाचा झाला होता, आणि बंडूजींचा माणूस दोनदा येऊन गेल्याचं कानावर आलं होतं. शोभाबाईने पाट दिला, चहा ठेवला.

"निकेशले मैदानावर धाडजो, बाई. मी पोटच्या पोरावानी पाहीन."

"थोरल्यालेबी तसंच पाह्यलं तुमी. मी नाई म्हणत का?" तिने कप पुढे केला. "पण दादा, दारू वाहे तवा जिता होता तो."

गजेंद्रने कप खाली ठेवला.

"पोलिसानं पकडलं तं चार झापडा मारून घरी आणून सोडते," ती म्हणाली. "प्या, थंडा होऊन राह्यला."

तो प्यायला आणि उठला.

निकेश आता हिंगणीहून वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला माल पोचवतो.