गार्डाने लावलेलं भात

सहदेव भिवाजी साळवे १९२२ साली कशेळ्याला जंगल खात्याचा गार्ड म्हणून आला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. मूळचा नगरकडचा. १९००च्या दुष्काळात त्याचे आईबाप गेले आणि दहा वर्षांच्या सहदेवला कुणीतरी मिशनच्या अनाथ मुलांच्या शाळेत नेऊन सोडलं. तिथे तो लिहायला-वाचायला शिकला आणि सोळाव्या वर्षी स्वतःच्या मनाने त्याने बाप्तिस्मा घेतला. का घेतला असं कुणी विचारलं तर तो फार लांबण लावत नसे. म्हणे, "मी तिथल्या कुणाचा कोण नव्हतो, तरी मला रोज जेवायला मिळालं. हे कुणाच्या सांगण्यावरून होतंय ते शोधत गेलो, एवढंच."

त्याची बायको मोतीबाई त्याच शाळेत वाढलेली. दोघं गावाबाहेरच्या दोन खोल्यांत राहत. आसपास दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. कर्जतला रेल्वेतल्या चार-पाच ख्रिस्ती कुटुंबांची उपासना भरे. महिन्यातून एकदा ती दोघं चार कोस चालून तिथे जात. एरवीच्या रविवारी घरातच चटईवर बसून प्रार्थना करत, मोतीबाई भजन म्हणे, आणि मग ती स्वयंपाकाला लागे.

सहदेवच्या हद्दीत डोंगराच्या पायथ्याच्या सात ठाकरवाड्या होत्या. आधीच्या गार्डाचा शिरस्ता वाड्यांना पाठ होता. त्याला महिन्याला एक कोंबडी आणि हंगामात मध पोचता केला की ओली फांदी तोडलेली त्याला दिसत नसे. सहदेव काहीच घेत नव्हता. याचं लोकांना कौतुक वाटायला हवं होतं, पण वाटली ती भीती. खाणाऱ्याचं पोट किती ते माहीत असतं. न खाणाऱ्याला काय पाहिजे ते कळत नाही, असं ठकी म्हातारी म्हणायची.

ही ठकी म्हणजे पोशाची आई. पोशा तिशीतला, अंगाने काटक, मितभाषी ठाकर. बायको कोंडी, पाच वर्षांची मुलगी सोमी, आणि ही म्हातारी, एवढं त्याचं घर. वाडीच्या खालच्या अंगाला भाताची तीन खाचरं आणि वर उतारावर नाचणीचा एक पट्टा.

१९२४च्या उन्हाळ्यात, वैशाख संपत आला असताना, सहदेवला रानात सागाचं एक ताजं खोड दिसलं. कापलेल्या जागी अजून ओल होती. ओंडका ओढत नेल्याच्या खुणा पालापाचोळ्यातून वाडीकडे गेल्या होत्या. त्या धरून तो गेला तो पोशाच्या दारात उभा राहिला. घराच्या मधोमध नवा खांब उभा होता. त्याला शेणमातीचा हात दिलेला होता, पण साग लपत नाही.

पोशाने खोटं सांगितलं नाही. जुना खांब वाळवीने खाल्ला होता, छप्पर म्हातारीच्या अंगावर आलं असतं, म्हणून साग तोडला, असं तो म्हणाला. मग मागच्या बाजूला जाऊन त्याने एक कोंबडी आणली. सहदेवने मान हलवली.

"मंग काय पायजे तुला?" पोशाने विचारलं.

"काही नको. पण झाड तोडलं हे मला लिहावं लागेल."

पंचनामा झाला. पोशाने अंगठा दिला. कर्जतच्या कचेरीत खटला उभा राहिला तेव्हा सहदेवने जे पाहिलं ते सांगितलं, आणि छप्पर खरंच कुजलं होतं, घरात म्हातारं माणूस आहे, हेही सांगितलं. साहेबाने ते लिहून घेतलं. शिक्षा काही कमी झाली नाही. दंड भरणं पोशाला शक्य नव्हतं, म्हणून दोन महिन्यांची कैद. त्याला अलिबागला नेलं.

कोंडी निकाल ऐकायला आली होती. तिला आठवा महिना होता. परत येताना कशेळ्याची वाट एकच, त्यामुळे ती पुढे आणि सहदेव मागे असे दोघं चार कोस चालले. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. आपण जवळ गेलो की ती पावलं उचलते हे सहदेवच्या ध्यानात आलं, तेव्हा तो एका आंब्याखाली बसला आणि ती दिसेनाशी झाल्यावर उठला.

आषाढात कोंडीला मुलगा झाला. त्याच आठवड्यात सहदेव फेरीला गेला असताना त्याला पोशाची खाचरं दिसली. पेरलेलं रोप वीतभर वर गेलं होतं, शेंडे पिवळे पडायला लागले होते, आणि बाजूची खाचरं नांगराशिवाय नुसती पाण्याने भरलेली होती. शेजारच्या खाचरात पोशाचा चुलतभाऊ कमळ्या नांगरत होता. सहदेवने त्याला विचारलं. कमळ्या म्हणाला, सगळ्यांचीच आवणी एका वेळी येते. ज्याच्या शेतात रोप लावायला जावं तो उद्या आपल्या शेतात येतो, असा हिशेब. बाळंतीण कुणाच्या शेतात येणार? आणि खटल्यातल्या माणसाच्या बांधावर दिसलं तर आपलंही नाव लागायचं, हे त्याने जरा हळू सांगितलं.

त्या संध्याकाळी सहदेव जेवणावरून लवकर उठला. मोतीबाईने कारण विचारलं. त्याने खाचरांचं सांगितलं.

"तुम्ही काम बरोबर केलंत ना?" ती म्हणाली.

"बरोबर केलं."

"मग आता का जीव खाताय?"

सहदेवने हात धुतले. मग म्हणाला, "झाडाचं काम संपलं. माणसाचं राहिलंय. आपण रोज संध्याकाळी देवाकडे भाकर मागतो, ती काय दोघांपुरतीच मागतो?"

दुसऱ्या दिवशी त्याने आठ दिवसांची रजा मागितली. कारण लिहिलं, शेतीचं काम. वरच्या अंमलदाराने विचारलं, तुझी शेती कुठली? सहदेव म्हणाला, शेजाऱ्याची आहे. अंमलदार हसला आणि त्याने सही केली.

रजेच्या पहिल्या दिवशी सहदेव खाकी कपडे घरी ठेवून, धोतर वर खोचून पोशाच्या खाचरात उतरला. ठकी दारातून ओरडली की आता शेतसुद्धा जप्त करायला आलास काय. त्याने सांगितलं, लावायला आलोय. म्हातारीचा विश्वास बसला नाही. ती बांधावर येऊन बसली आणि पाहत राहिली.

सहदेव बाजरीच्या मुलखातला. भाताची आवणी त्याने लांबून पाहिली होती, हाताने कधी केली नव्हती. आधी चिखलणी करावी लागते हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं. तो कुदळीने चिखल उलथायला लागला. दुपारपर्यंत एक कोपरा झाला. पलीकडून कमळ्या बघत होता. दुपारी त्याचं स्वतःचं खाचर उरकलं, तेव्हा त्याने बैल बांधावरून इकडे वळवले आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही खाचरं नांगरून दिली. सरकारचाच माणूस चिखलात उभा आहे म्हटल्यावर आपलं नाव कोण घेणार, असं तो नंतर म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी सहदेव रोप लावायला लागला. ठकीला बघवेना.

"आरं, रोप हाय त्ये. मेख नाय ठोकायची," ती म्हणाली, आणि कंबरेवर हात ठेवून स्वतः चिखलात उतरली. तीन बोटांत रोप कसं धरायचं, किती खोल दाबायचं, पाय मागे कसा घ्यायचा, हे तिने त्याला दाखवलं. तो चुकला की ती त्याची रोपं उपटून परत त्याच्या हातात द्यायची. तिसऱ्या दिवशी मोतीबाईही आली. तिने आधी दोन ओळी लावल्या, मग घरात जाऊन बाळाला तेल लावून अंघोळ घातली. कोंडीने बाळ दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

नवरा-बायको घरून भाकरी आणत आणि एका उंबराखाली बसून खात. ठाकर दुसऱ्याच्या हातचं सहसा खात नाहीत, त्यामुळे ती आपली भाकरी कुणापुढे करत नसत आणि कुणी आपल्याला द्यावं अशी अपेक्षाही ठेवत नसत. सातव्या दिवशी शेवटचं खाचर संपलं. त्या दुपारी कोंडी स्वतः उंबराखाली आली. तिच्या हातात पळसाच्या पानांचे दोन द्रोण होते, नाचणीची आंबील भरलेले. ते तिने खाली ठेवले आणि गेली. मोतीबाईने डोळे मिटून प्रार्थना केली. एरवी तिची प्रार्थना चार वाक्यांत आटपायची. त्या दिवशी सहदेवला आंबील हातात धरून बराच वेळ थांबावं लागलं.

कशेळ्याच्या बाजारात मात्र बोलणी सुरू झाली होती. कुणी म्हणे, गार्ड वाडी बाटवायला बसलाय. कुणी म्हणे, नवरा आत टाकला आणि बायकोवर डोळा ठेवला. ही दुसरी गोष्ट बाजारातून फिरत फिरत अलिबागपर्यंत गेली.

पोशा श्रावणात सुटला. तो आधी घरी गेला नाही. भर दुपारी सरळ सहदेवच्या दारात आला. वाटेत कुणाकडून तरी घेतलेला कोयता त्याच्या हातात होता. मोतीबाई तांदूळ निवडत होती, ती उभी राहिली. सहदेव बाहेर आला.

"माझ्या शेतात का शिरलास?" पोशाने विचारलं.

"रोप वाया चाललं होतं."

"मला तूच धाडलास. मंग माझ्या रोपाचा पुळका कशाला?"

"झाड तोडलं ते तू. मी खोटं लिहिलं नसतं, उद्याही लिहिणार नाही," सहदेव म्हणाला. "पण तुझ्या पोरांनी उपाशी राहावं असं मला ना सरकारने सांगितलं, ना माझ्या देवाने."

"आमाला बाटवायचं हाय?"

"नाही. देवाबद्दल विचारशील तेव्हा सांगेन. नाही विचारलंस तर नाही."

पोशाने मोतीबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी रोज बरोबर होते, भाऊ. घरी जा आणि आईला विचार." पोशा वळला आणि गेला. सहदेव आत आला आणि मोतीबाईबरोबर तांदूळ निवडायला बसला.

पुढे तीन महिने पोशा त्याच्याशी बोलला नाही. वाटेत भेटला तर बाजूला होऊन उभा राहायचा. सहदेवलाही एक गोष्ट छळत होती. कुजलेल्या घराला खांब लागला तर खात्याकडे अर्ज करून वाळलेलं लाकूड पासावर मिळू शकतं. पोशाला हे माहीत नव्हतं. वाडीत कुणालाच नव्हतं. दोन वर्षं तो झाडं मोजत हिंडला, पण कुणाच्या घरात मान वर करून छप्पर पाहिलं नव्हतं. एका रविवारी घरच्या प्रार्थनेत त्याने हे मोतीबाईदेखत बोलून टाकलं. मग सातही वाड्यांत घरोघर फिरून त्याने कुणाचा खांब, कुणाचा वासा गेलाय ते लिहून घेतलं आणि अर्ज केले. एकोणीस घरांना लाकूड मिळालं. चार अर्ज नामंजूर झाले. त्या घरांत जाऊन तसं सांगणंही त्यालाच करावं लागलं.

कार्तिकात भात झोडून झालं. एके सकाळी पोशा नव्या तांदळाची टोपली डोक्यावर घेऊन आला. सहदेव म्हणाला की नोकरीत मी कुणाचं काही घेत नाही, तुला ठाऊक आहे. पोशाने टोपली उतरवली नाही. तसाच उभा राहिला. मोतीबाई आतून म्हणाली, "देणं तेवढं तुमच्याच वाट्याचं आहे काय?"

मग पोशानेच तोड काढली.

"घेऊ नको," तो म्हणाला. "घरी ये आन् बसून खा."

ती दोघं त्या दिवशी पोशाच्या घरी जेवली. नवा भात, कुर्डूची भाजी, सुक्या बोंबलाची चटणी. कोंडीने वाढलं. पोशा आणि सहदेव एका ओळीत बसले. ठकीने सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की वाकड्या ओळी सगळ्या गार्डाच्या, पण दाणा भरायचा तसा भरला.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. तीन वर्षांनी, १९२७ साली, कमळ्याने दोन साग तोडून बाजारात विकले. सहदेवने पंचनामा केला. कमळ्या आत गेला आणि त्याची बायको महिनाभर सहदेवच्या नावाने बोटं मोडत होती. आवणीच्या वेळी सहदेवने पुन्हा रजा काढली आणि सकाळी मोतीबाईला घेऊन वाडीवर गेला. तिथे कमळ्याच्या खाचरात चौदा माणसं आधीच उतरली होती. पोशा बैल हाकत होता. कोंडी मुलाला बांधावर बसवून ओळीत लागली होती. कमळ्याची बायको सगळ्यांना रोपाच्या जुड्या पोचवत होती. सहदेवने धोतर खोचलं, पण पोशा म्हणाला, "जागा नाय. बस तिथं."

तेव्हा सहदेव आणि मोतीबाई बांधावर बसली.

१९३१ साली त्याची बदली खालापुराकडे, लोधिवलीच्या बाजूला झाली. सामान बैलगाडीत भरायला पोशा आणि कमळ्या दोघंही आले होते. सातही वाड्यांत कुणी बाप्तिस्मा घेतला नाही. पोशाने त्या दिवशी, गाडी भरताना, तुझा देव कसला आहे असं विचारलं. सहदेवने घराच्या पायरीवर बसून त्याला तासभर सांगितलं. पोशाने सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि मग गाडीचं जू बैलांच्या खांद्यावर चढवलं.